दिसायला किरकोळ, दुखायला भयानक: हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ३४. काम स्टेनलेस स्टील फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, वेल्डिंगनंतरची सफाई आणि बफिंग. ठिकाण कोल्हापूर, उद्यमनगर परिसर. तक्रार एकच: उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या टोकांना आदल्या रात्रीपासून असह्य ठणका. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय भाग तसाच ठेवला आहे.

सकाळी साडेनऊला तो दवाखान्यात आला तेव्हा उजवा हात बर्फाच्या पाण्याच्या डब्यात होता आणि डबा बायकोनं धरला होता. हात बाहेर काढायला लावला की काही सेकंदांत तो परत पाण्यात घालायचा. पुसून, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं. दोन्ही टोकं थोडी सुजलेली आणि पांढुरकी, त्यावर राखाडी झाक, कडेनं पिवळे डाग. मधल्या बोटाच्या नखाखाली निळसर काळपट पट्टा. फोड नाही, साल निघालेली नाही, रक्त नाही. माणूस मात्र घामानं डबडबलेला, नाडी ११८.

"बाहेर काय दिसत न्हाई डॉक्टर, पण आत हाडात कोणतरी ड्रिल मारतंय," तो म्हणाला. बायको म्हणाली, "रात्रभर असंच बसल्यात. हात तोडून टाका म्हणाय लागल्यात."

बोटं एवढी बरी दिसत असताना माणूस हात तोडायची भाषा करतो, तेव्हा त्याला 'सहनशक्ती कमी आहे' असं म्हणणं हा अन्याय आहे, आणि या रसायनाच्या बाबतीत धोकाही. दिसणं आणि दुखणं यांतली तफावत हीच इथे निदानाची पहिली खूण असते.

आदल्या दिवशी काय झालं

शेडमध्ये दूध थंड ठेवायच्या टाकीचं काम चालू होतं. स्टेनलेस स्टीलला टिग वेल्डिंग केलं की जोडाच्या दोन्ही अंगांना निळा, तांबूस, काळपट पट्टा पडतो. त्या पट्ट्याखालच्या पातळ थरात क्रोमियम कमी झालेलं असतं, आणि स्टीलला गंजापासून वाचवणारं तर क्रोमियमच. पट्टा तसाच ठेवला तर उद्या तिथूनच गंज धरतो. दुधाच्या टाकीला ते चालत नाही. म्हणून जोडावर पिकलिंग पेस्ट ब्रशनं फासायची, ठरावीक वेळ ठेवायची आणि पाण्यानं धुऊन काढायची. आपल्याकडे डेअरीची, साखर कारखान्यांची, हॉटेलच्या किचनची स्टीलची कामं करणाऱ्या शेड भरपूर आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ही पेस्ट असतेच. कामगार तिला नुसतं 'पेस्ट' किंवा 'ॲसिड' म्हणतात. तिच्यात नायट्रिक ॲसिड बऱ्यापैकी असतं आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड थोडं, साधारण एक आकडी टक्क्यांत. घात करतं ते हे थोडंच.

डिलिव्हरीची घाई होती. त्यानं पातळ, एकदा वापरून टाकायचे हातमोजे घातले होते. वेल्डिंगच्या कडेला घासून दोन बोटांच्या टोकाशी ते फाटले. आत ओलसर लागलं, पण जळजळ झाली नाही, म्हणून तसंच काम पुढे रेटलं. पाचच्या सुमारास नळावर हात धुतले आणि मोटारसायकलवरून पंचगंगेपलीकडच्या आपल्या गावी गेला. जेवताना काही नाही. दहाच्या पुढे मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं आणि तासाभरात ठणका सुरू झाला.

फोनवर सोबतच्या कामगारानं सांगितलं, "ॲसिडला चुना लाव, उतरतंय." खिशात तंबाखूच्या चुन्याची डबी होतीच. त्यानं दोन्ही बोटांना चुना चोळला. यामागचा विचार कळतो, ॲसिडवर अल्कली. पण ओला चुना स्वतःच दाहक आहे. त्याचा सामू (pH) १२ च्या वर असतो, आणि उदासीनीकरणाची उष्णता कातडीवरच निघते. तोवर ॲसिड केव्हाच आत खोल गेलेलं असतं आणि वरचा चुना तिथवर पोचत नाही. म्हणजे फायदा शून्य आणि एक जखम जास्तीची.

मध्यरात्रीनंतर त्याला जवळच्या एका रुग्णालयात नेलं. तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन, दुखण्याचं इंजेक्शन, भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम आणि पट्टी झाली. 'नायट्रिकनं कातडी पिवळी पडली आहे, चार दिवसांत साल निघेल' असं सांगून घरी पाठवलं. हे निदान निराधार नव्हतं. नायट्रिक ॲसिड कातडीतल्या प्रथिनांना पिवळं करतं. हुपरीत चांदी गाळणाऱ्यांच्या बोटांवर तसे डाग पाहिलेल्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच आठवणार. आणि रुग्णानं सांगितलं होतं फक्त 'ॲसिड'. पिवळा डाग खरा होता, पण दुखणं त्याचं नव्हतं. नायट्रिकचं दुखणं लगेच सुरू होतं, त्याला पाच-सहा तास लागत नाहीत.

मी विचारलं, "कुठलं ॲसिड?" तो म्हणाला, "पेस्ट. वेल्डिंगची." शेडमधल्या पोराला फोन लावून डब्याचा फोटो मागवला. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत पेस्टचं नाव आणि चमकणाऱ्या टाकीचं चित्र. मागच्या बाजूचा फोटो पुन्हा मागवला. बारीक टायपात दोन ॲसिडांची नावं होती आणि दुसरं हायड्रोफ्लोरिक. तिथून पुढे एक मिनिटही वाया घालवण्यासारखं नव्हतं.

हे ॲसिड वेगळं का

रसायनशास्त्राच्या हिशेबानं हायड्रोफ्लोरिक हे दुर्बळ ॲसिड आहे, आणि त्याचा धोका याच दुर्बळपणात आहे. गंधकाम्ल किंवा नायट्रिक पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटित होतात. त्यांचे हायड्रोजन आयन कातडीवर पडल्या पडल्या प्रथिनं गोठवतात. त्या गोठलेल्या थरामुळे पुढे झिरपणं काही प्रमाणात अडतं, आणि माणसाला तत्क्षणी चटका बसतो म्हणून तो धावत नळाकडे जातो. हायड्रोफ्लोरिकचे बरेचसे रेणू मात्र अखंड राहतात. त्यांच्यावर विद्युतभार नसल्यानं ते कातडीच्या थरांतून, चरबीतून, नखातूनसुद्धा आत शिरतात. आत गेल्यावर फ्लोराइड सुटं होतं आणि समोर येईल त्या कॅल्शियमला आणि मॅग्नेशियमला पकडतं. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पकडलेलं कॅल्शियम पेशीच्या कामाचं राहत नाही. पेशी मरतात, त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि मज्जातंतूंची टोकं पेटवत राहतं. रुग्ण 'हाडात ड्रिल' म्हणतो त्यामागे हे आहे. फ्लोराइड खोलवर गेलं तर खालच्या हाडालाही इजा होते.

दुखणं कधी सुरू होईल हे तीव्रतेवर ठरतं. ५० टक्क्यांच्या वरचं द्रावण लागलं तर लगेच. २० ते ५० टक्के असेल तर एक ते आठ तासांत. २० टक्क्यांच्या खाली असेल तर २४ तासांपर्यंतही उशीर होऊ शकतो. पेस्ट शेवटच्या गटातली. म्हणून कामगार दिवसभर पेस्ट हाताळतो, धडधाकट घरी जातो, आणि रात्री दुखायला लागल्यावर दुपारच्या कामाशी त्याचा संबंधच लावत नाही. डॉक्टरनं 'आज दिवसभर काय काम केलं' असं सरळ विचारलं नाही तर हा धागा कधीच सापडत नाही.

दवाखान्यात काय केलं

आधी चुन्याचे आणि मलमाचे अवशेष भरपूर पाण्यानं धुतले. पंधरा तास उलटून गेले होते, तरी वरचा थर साफ असल्याशिवाय पुढचं औषध आत जात नाही. त्याच वेळी ईसीजी काढला आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमसाठी रक्त पाठवलं.

यावरचं औषध म्हणजे कॅल्शियम. फ्लोराइडला पकडायला कॅल्शियम हवंच असतं, ते पेशींमधलं काढून घेण्याऐवजी आपण बाहेरून पुरवायचं. २.५ टक्क्यांची कॅल्शियम ग्लुकोनेट जेल तयार मिळते, पण ती दवाखान्यात तयार असेलच असं नाही. त्या दिवशी नव्हती. कॅल्शियम ग्लुकोनेटची १० टक्क्यांची इंजेक्शनं मात्र कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. १० मिलिलिटरच्या एका ॲम्पूलमध्ये १ ग्रॅम औषध. ते ३० मिलिलिटर पाण्यात विरघळणाऱ्या वंगण जेलीत नीट घोटलं की ४० मिलिलिटर मिश्रणात १ ग्रॅम, म्हणजे बरोबर २.५ टक्के.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या दवाखान्यांच्या ड्रॉवरमध्ये हाताशी असणारी जेली बहुधा लिग्नोकेनची, म्हणजे भूल देणारी असते. ती इथे वापरायची नाही, आणि बोटाला बधिर करणारं इंजेक्शनही द्यायचं नाही. दुखणं कमी होतंय की नाही हाच उपचाराचा एकमेव विश्वासू मापक आहे. बोट बधिर केलं की रुग्ण शांत होतो, आपणही निर्धास्त होतो, आणि आत फ्लोराइड आपलं काम करत राहतं. असह्य दुखणाऱ्या माणसाला 'जरा कळ सोसा, मला तुमचं दुखणं बघायचंय' असं सांगणं जड जातं. पण कारण समजावलं की लोक ऐकतात. त्यानंही ऐकलं.

स्वच्छ हातमोज्यात जेल भरली आणि हात त्यात घातला, म्हणजे बोटांना सगळीकडून ती लागून राहते. दर पंधरा-वीस मिनिटांनी जेल बदलली. अर्ध्या-पाऊण तासात तर्जनीचा ठणका निम्म्यावर आला. बायकोनं धरलेला डबा पहिल्यांदा खाली ठेवला. मधलं बोट मात्र जवळजवळ तसंच होतं. जेल नखाखाली पोचत नाही, आणि फ्लोराइड नेमकं तिथंच साठलं होतं.

भाजलेल्या भागात बारीक सुईनं कॅल्शियम ग्लुकोनेट टोचणं हा पुढचा मार्ग असतो, पण तो मांडी, पोटरी, पाठ अशा ऐसपैस जागी. बोटाच्या टोकात मोकळी जागाच नसते. तिथं औषध दाबून भरलं तर दाबानंच रक्तपुरवठा अडेल. कॅल्शियम क्लोराइड तर कातडीखाली कधीच टोचायचं नाही, त्यानं पेशीच मरतात. राहिला तिसरा मार्ग, रोहिणीतून, म्हणजे हाताला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून औषध सोडणं. त्यासाठी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीत रसायनाचं नाव, अंदाजे तीव्रता, संपर्काची वेळ आणि दिलेले उपचार लिहिले, आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो तिथल्या डॉक्टरांच्या फोनवर पाठवला.

तिथं मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घालून १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ४० मिलिलिटरमध्ये मिसळून, पंपावर चार तासांत सोडलं. दुसऱ्या तासात मधल्या बोटाचा ठणका उतरला आणि तो झोपला. संध्याकाळी ठणका थोडा उसळला, म्हणून आणखी एकदा तेच दिलं. त्यानंतर परत आला नाही. ईसीजी दोन्ही वेळा ठीक होता आणि कॅल्शियम ९.१, म्हणजे चांगलं.

बोटं दोनच होती म्हणून

कॅल्शियम चांगलं निघालं कारण लागलेली जागा अगदी लहान होती. हेच रसायन मोठ्या भागावर सांडलं तर प्रकरण कातडीपुरतं राहत नाही. फ्लोराइड रक्तात गेलं की रक्तातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पडतं, पोटॅशियम चढतं. ईसीजीवर क्यूटी अंतर (हृदयाच्या एका ठोक्यातला विजेचा टप्पा) लांबतं, हृदयाची लय बिघडते आणि माणूस वेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. निर्जल हायड्रोफ्लोरिकनं शरीराचा जेमतेम अडीच टक्के भाग भाजूनही मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. बोटांसकट आपला तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. या हिशेबानं मांडीवर पालथा पडलेला एक मगही जीव घेऊ शकतो.

म्हणून तीव्र द्रावण तळहाताएवढ्या किंवा त्याहून मोठ्या भागावर लागलं असेल, किंवा सौम्य द्रावण शरीराच्या पाच टक्क्यांच्या वर पसरलं असेल, तर रुग्ण हसत-बोलत असला तरी त्याला मॉनिटरवर ठेवायचं, शिरेतून कॅल्शियम द्यायची तयारी ठेवायची आणि रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करायची. लय एकदा बिघडली की ती सावरणं फार कठीण जातं.

कातडीवाटे अंगात भिनणारं हे एकच रसायन नाही. आपल्या फाउंड्रींमध्ये (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत) साच्यांच्या वाळूत फिनॉलवर आधारलेल्या रेझिन असतात. सुटं फिनॉल कातडीला पांढरं आणि बधिर करतं, त्यामुळे लागल्याचं कळत नाही, आणि ते रक्तात जाऊन मेंदू आणि हृदयावर परिणाम करतं. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमिक ॲसिड मोठ्या भागावर सांडलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधला कॉस्टिक सोडा कातडीतल्या चरबीचा साबण करत खोल जातो. बोटं बुळबुळीत लागतात, दुखणं सुरुवातीला कमी असतं, आणि माणूस नुसता चोळून सोडून देतो. अशा प्रत्येक ठिकाणी पहिला इलाज लगेच आणि भरपूर पाणी, अंगावरचे कपडे काढून. पण हायड्रोफ्लोरिकच्या बाबतीत पाणी पुरत नाही. पाच मिनिटं धुऊन जेल लावायला घ्यायची. जेल नसेल तर ती हाती येईपर्यंत धूत राहायचं.

पुढे

तर्जनीची साल निघाली आणि तीन आठवड्यांत ती बरी झाली. मधल्या बोटाच्या टोकावर काळी खपली धरली, नख गळून पडलं. नवीन आलं ते वेडंवाकडं, आणि बोटाचा गर एका बाजूनं बसला. थंडीत ते बोट अजून ठणकतं. दीड महिना काम बंद होतं आणि तो ठेकेदाराकडचा रोजंदार, म्हणजे दीड महिन्याची मजुरी बुडाली. पहिल्या रात्री, दोन-तीन तासांच्या आत कॅल्शियम मिळालं असतं तर ते बोट बरंचसं वाचलं असतं, असं माझं ठाम मत आहे. लागणारं औषध महागही नाही, दुर्मीळही नाही.

मी नंतर शेडवर गेलो. मालक समजूतदार निघाले. कोपरापर्यंत येणारे जाड निओप्रीनचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) हातमोजे, तोंडासमोर शिल्ड, ॲप्रन आणि पेस्टच्या जागेला लागून नळ, एवढं आठवड्याभरात झालं. जेलच्या दोन ट्यूब फर्स्ट एडच्या पेटीत आल्या. डब्यावरचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं आणि खाली एक ओळ: 'ही पेस्ट लागली तर दुखलं नाही तरी सांगा, दवाखान्यात हा कागद दाखवा.' मी आणखी एक सुचवलं आहे, जोड विजेनं साफ करायचं यंत्र. त्यात फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेलं द्रावण वापरतात आणि हायड्रोफ्लोरिक लागतच नाही. यंत्राची किंमत छोट्या शेडला जड आहे, म्हणून ते अजून विचार करतायत.

अडलंय ते दुसरीकडे. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत सुरक्षा माहितीपत्रक आणि लेबल यांची तरतूद आहे. पण छोट्या शेडला मोठा डबा परवडत नाही. पेस्ट सुटी घेतली जाते, पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, आणि त्या बाटलीवर कसलंच नाव नसतं. या रुग्णाच्या शेडमध्ये मूळ डबा होता म्हणून फोटो मिळाला. शेजारच्या गल्लीत मी पाहिलेल्या बाटलीवर एका सरबताचं लेबल होतं. तिथल्या कामगाराचे हात मध्यरात्री दुखायला लागले, तर डॉक्टरनं कितीही विचारलं तरी त्याच्याकडे सांगायला 'ॲसिड' एवढाच शब्द असेल. म्हणून औद्योगिक भागातल्या सगळ्या डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे: स्टीलचं काम करणारा माणूस, बरी दिसणारी बोटं आणि न सोसणारं दुखणं हे तिन्ही एकत्र दिसले, तर रसायनाचं नाव कळायची वाट बघू नका, कॅल्शियमची जेल लावून टाका. हायड्रोफ्लोरिक नसेल तर त्या जेलनं काही बिघडत नाही.